उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा तापणारी गाडी : दोष कसा शोधावा आणि घरी काय दुरुस्त करता येते

चैत्र सरत आला की आमच्या दर्यापूर तालुक्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडीचा काटा लाल रेषेकडे सरकतो, बोनेटखालून वाफ येते, गाडी पाणी फेकते. गॅरेजमध्ये नेली की एखादा भाग बदलला जातो, काही दिवस बरे जातात आणि नवतपा लागला की काटा पुन्हा तिथेच जाऊन थांबतो. एका उन्हाळ्यात झाकण, पुढच्या उन्हाळ्यात पंख्याची मोटार, त्यापुढच्या वर्षी थेट नवा रेडिएटर, एवढा खर्च करूनही तक्रार कायम राहिलेली माणसे मला ठाऊक आहेत. माझ्याकडे जुनी आठशे सीसीची पेट्रोल गाडी आहे, तिची देखभाल मी घरच्या अंगणातच करतो आणि आसपासच्या गावांतील तापणाऱ्या गाड्याही जवळून पाहिल्या आहेत. त्यावरून माझे मत ठाम झाले आहे. वारंवार तापणाऱ्या गाडीचा मूळ दोष आपल्या भागात बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये ओतलेल्या पाण्यातच असतो, आणि गाडी नेमकी कोणत्या वेळी तापते याची नोंद न घेताच पाना हातात घेतला जातो, म्हणून तो सापडत नाही.

हीच गाडी पौष-माघात बिनतक्रार चालते आणि वैशाखात का तापते, हे आधी समजून घेतले पाहिजे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. आतले पाणी ९५ अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर हा फरक ६५ अंशांचा असतो. मे महिन्यात हवा ४६ अंशांवर गेली की तो ४९ अंशांवर येतो, म्हणजे रेडिएटरची ताकद जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटते. ज्या रेडिएटरच्या काही नळ्या आधीच बुजल्या आहेत, त्याचे दुखणे हिवाळ्यात झाकले जाते आणि उन्हाळ्यात उघडे पडते. दोष मे महिन्यात निर्माण होत नाही, तो वर्षभर साचत आलेला असतो.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट निक्षून सांगतो. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण सैल होताच दाब सुटतो आणि उकळते पाणी व वाफ तोंडावर उडते. ओले फडके टाकून झाकण फिरवण्याची पद्धत रस्त्यावर नेहमी दिसते, पण तीही धोक्याचीच आहे. गाडी सावलीत उभी करावी, बोनेट उघडून ठेवावे आणि वरचा होज पाइप हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो किंवा ते वाकू शकते. शिवाय अनेक गाड्यांत चावी काढल्यानंतरही विजेचा पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून त्याच्याजवळ हात नेण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी.

गाडी केव्हा तापते

काटा बाजारात, रेल्वे फाटकावर किंवा लग्नाच्या वरातीमागे हळू चालताना चढत असेल आणि गाडी मोकळ्या रस्त्याला लागताच उतरत असेल, तर दोष हवेचा आहे. पंखा फिरत नाही, कमी वेगाने फिरतो किंवा जाळी बाहेरून बुजलेली आहे. उलट, गावात काटा मध्यावर राहतो आणि अमरावतीच्या रस्त्यावर ८०च्या वेगाने थोडे अंतर कापले की चढू लागतो, वेग कमी केला की उतरतो, असे असेल तर दोष पाण्याच्या फिरण्याचा आहे. रेडिएटर आतून बुजला असेल, पाण्याचा पंप कमजोर झाला असेल, थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडत असेल किंवा खालचा होज पाइप नरम पडून पंपाच्या ओढीने आत चेपला जात असेल. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतानाच गाडी तापत असेल तर हाच दोष अजून पहिल्या पायरीवर आहे असे समजावे. थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर गेला, तर मात्र पाण्याची पातळी, बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट आणि हेड गॅसकेट (हेड व इंजिनाचा खालचा भाग यांच्यामधील सांधा बंद ठेवणारी पातळ पट्टी) या तिन्हींचा संशय घ्यावा.

चालत्या गाडीत करता येणारी आणखी एक परीक्षा फार उपयोगी आहे. काटा वर जाऊ लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण वेगावर ठेवावा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. गरम हवा जोरात आली आणि काटा खाली उतरला, तर पंप पाणी फिरवतो आहे आणि कमतरता मोठ्या रेडिएटरमध्ये आहे. काटा वर असूनही हीटरमधून थंड हवा येत असेल, तर आत पाणीच कमी आहे, हवा अडकली आहे किंवा पंप काम करत नाही. अशा वेळी गाडी तत्काळ थांबवावी. मे महिन्यात हीटर लावून बसणे जिवावर येते, पण या एका परीक्षेने कितीतरी अनावश्यक खर्च वाचतो.

या नोंदी एखाद्या वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात. वेग किती होता, एसी सुरू होता का, दुपार होती की रात्र, किती पाणी भरावे लागले, एवढे पुरेसे आहे. पुढे गाडी मिस्त्रींकडे न्यावी लागली तरी ही वही त्यांच्यासमोर ठेवता येते आणि चर्चा अंदाजाऐवजी नोंदींवर होते.

पाणी

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे, त्यातील विहिरींचे व बोअरचे पाणी पिण्याला आणि ओलिताला चालत नाही, हे येथील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. जे पाणी आपण पिकाला देत नाही तेच आपण निःशंकपणे इंजिनाला पाजतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उष्णतेने बाहेर पडतात आणि जिथे धातू सर्वात गरम असतो तिथे, म्हणजे हेडमधील पाण्याच्या वाटांत, आणि रेडिएटरच्या नळ्यांतही चिकटून बसतात. हा थर उष्णता सहज जाऊ देत नाही. क्लोराइडचे क्षार तर ॲल्युमिनियमचे हेड, थर्मोस्टॅटचे घर आणि रेडिएटर हळूहळू खातात. गाडी पाणी पिते म्हणून रोज लिटरभर बोअरचे पाणी टाकणारा माणूस रोज नवीन क्षार आत टाकत असतो. पाणी निव्वळ वाफ होऊन निघून गेले तर क्षार मागेच राहतात, त्यामुळे त्यांचे प्रमाण वाढतच जाते. खारपाणपट्ट्याबाहेरही विदर्भातील अनेक बोअरचे पाणी जड असते, म्हणून ही गोष्ट फक्त आमच्या तालुक्यापुरती नाही.

यावर उपाय महाग नाही. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणि चांगले कुलंट (इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळायचे द्रव) गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात मिसळावे. बहुतेक गाड्यांना निम्मे-निम्मे प्रमाण चालते. बाटलीवर मिश्रण तयार आहे की पाणी घालायचे आहे हे नीट वाचावे, कारण तयार मिश्रणात पुन्हा पाणी घातले तर ते पातळ होते आणि घट्ट कुलंट तसेच ओतले तर त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्यापेक्षा कमी पडते. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, कुलंटचे काय काम’ असे पुष्कळ जण म्हणतात. कुलंटमधील गंजरोधक द्रव्ये आणि उकळण्याचा वाढलेला बिंदू यांचे काम विदर्भात काश्मीरइतकेच, किंबहुना जास्त आहे. निम्म्या प्रमाणातील मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळते, साधे पाणी १०० अंशांना. हिरवे आणि लाल कुलंट एकमेकांत मिसळू नये; काही प्रकार एकत्र आल्यास घट्ट गाळ धरतात. वाटेत अडचण आलीच तर पिण्याच्या आरओच्या पाण्यावर वेळ मारून नेता येते, बोअरच्या पाण्यापेक्षा ते नक्कीच बरे.

आतून बुजलेला रेडिएटर घरी काही प्रमाणात मोकळा करता येतो. दोन्ही होज पाइप काढून खालच्या तोंडातून साध्या नळीने पाणी सोडावे, म्हणजे नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने गाळ बाहेर पडतो. आधी तांबूस, मग पिठासारखे पांढुरके पाणी येते आणि नंतर ते स्वच्छ होते. क्षाराचा थर जुना असेल तर पाण्यात निंबूसत विरघळवून ते भरावे, इंजिन थोडा वेळ गरम चालवून थंड करावे, काढून टाकावे आणि आत त्याचा अंश राहणार नाही इतक्या वेळा धुवावे, शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याची असावी. संडास साफ करण्याचे ॲसिड मात्र मुळीच वापरू नये. क्षाराआधी ते ॲल्युमिनियमच खाते. धुऊनही रेडिएटरचा एखादा पट्टा थंडच राहत असेल, म्हणजे इंजिन गरम करून बंद केल्यावर जाळीवरून जपून हात फिरवला असता एक भाग गरम आणि दुसरा गार लागत असेल, तर त्या नळ्या आता उघडणार नाहीत. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी उघडून, सळई फिरवून पुन्हा डाग देणारे कारागीर अजून सापडतात. प्लास्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर मात्र बदलणेच बरे.

जाळी आणि पंखा

कापसाच्या भागात राहणाऱ्यांनी जाळीकडे विशेष लक्ष द्यावे. समोरून पाहिले तर एसीची जाळी स्वच्छ दिसते, परंतु ती आणि तिच्यामागचा रेडिएटर यांच्यामधील बोटभर फटीत वेचणीच्या हंगामात उडणारे कापसाचे तंतू, किडे आणि काळ्या मातीची धूळ एकत्र बसते. वरचे दोन बोल्ट काढून रेडिएटर थोडा मागे कलवला की हा थर दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो, कारण तो अक्षरशः गोधडीच्या अस्तरासारखा अखंड सोलून निघतो. आधी तो हाताने आणि मऊ ब्रशने काढावा, मग इंजिनाच्या बाजूने समोरच्या दिशेने कमी दाबाचे पाणी मारावे. गाडी धुण्याच्या सेंटरवरचा जोराचा फवारा जवळून मारल्यास पातळ पत्र्या आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. पावसाळ्यात शेतरस्त्याने गाडी नेल्यास खालच्या भागावर चिखलाचा लेप बसतो. वाळण्याआधी तो धुतला तर पाच मिनिटांचे काम असते.

पंख्याची तपासणी सोपी आहे. बहुतेक गाड्यांत एसी सुरू करताच तो फिरायला हवा. फिरला नाही तर प्रथम फ्यूज पाहावा, मग रिले, म्हणजे पंख्याची वीज सुरू-बंद करणारा छोटा विद्युत स्विच. फ्यूजच्या पेटीत हॉर्नचा रिले त्याच बनावटीचा असेल तर दोघांची अदलाबदल करून पाहता येते. तरीही फिरला नाही तर पंख्याची जोडणी सोडून त्याला बॅटरीवरून थेट वीज द्यावी. फिरला तर मोटार बरी आहे आणि दोष तारेत किंवा तापमानाच्या स्विचमध्ये आहे. एसीवर फिरतो पण एसी बंद असताना इंजिन कितीही तापले तरी फिरत नाही, असे दिसले तर तापमानाचा स्विच किंवा सेन्सर संशयास्पद आहे. गावातील एका गुरुजींच्या गाडीचा पंखा जोरात फिरत होता, रेडिएटर नवा होता आणि तरीही बाजारात गाडी तापत होती. समोरच्या जाळीवर वहीचा कागद धरला तर तो चिकटण्याऐवजी बाहेर ढकलला गेला. मोटार बदलताना दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या आणि पंखा हवा आत ओढण्याऐवजी समोर फेकत होता. तारा सुलट करताच तक्रार संपली. ही कागदाची परीक्षा मी आता प्रत्येक गाडीवर आधी करतो. जुन्या जीपसारख्या वाहनांत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, तिथे पट्ट्याचा ताण पाहणे पुरेसे असते.

थर्मोस्टॅट आणि झाकण

‘काढून टाका ना भाऊ, आपल्याइकडं काय काम आहे त्याचं’, हा सल्ला विदर्भातील बहुतेक गॅरेजमध्ये मिळतो आणि तो प्रेमानेच दिलेला असतो. तरीही मी त्याच्याशी सहमत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की पाण्याची जवळची वाट बंद होते. तो काढला तर ती वाट उघडीच राहते, पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न भेटताच परत जातो आणि गाडी उलट जास्त तापते. शिवाय डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा १० अंशांखाली येतो. तेव्हा इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त लागते आणि तेलात ओल साचते.

थर्मोस्टॅट खराब आहे की नाही हे घरी खात्रीने कळते, आणि स्वतः काम करण्याचा खरा आनंद मला याच क्षणी मिळतो. त्याच्या कडेवर बहुधा ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने बुडता लटकवावा, तळाला टेकू देऊ नये. सोबत तापमापी धरून चुलीवर किंवा गॅसवर ठेवावे. आकड्याजवळ पारा येताच मधली चकती हळूहळू उचलली जाते, पाणी उकळेपर्यंत चांगली उघडते आणि बाहेर काढल्यावर पुन्हा मिटते. असे झाले तर तो निर्दोष आहे, पैसे खर्च करू नयेत. उशिरा उघडला, अर्धाच उघडला किंवा मिटलाच नाही, तर बदलावा. पातेले नंतर स्वयंपाकाला वापरू नये.

या कामातील सर्वात मोठा मनस्ताप म्हणजे थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्ट वर्षानुवर्षे क्षाराच्या पाण्याजवळ राहिला की तो जणू त्याच धातूचा भाग होतो आणि जोर लावताच डोके तुटून हातात येते. म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे, सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि सहा कोनी गोटी पान्याने आधी घट्ट करण्याच्या दिशेला किंचित, मग सैल करण्याच्या दिशेला, असे मागेपुढे करत फिरवावे. दुसरा मनस्ताप सुट्या भागांचा आहे. तालुक्याच्या दुकानात थर्मोस्टॅटचे गॅसकेट मिळेलच असे नाही, अमरावतीला किंवा अकोल्याला जावे लागते आणि जाण्यासाठी हवी ती गाडी तर अंगणात उघडी पडलेली असते. घरात म्हातारे माणूस किंवा बाळंतीण असेल तर ही गैरसोय नुसती गैरसोय राहत नाही. गॅसकेट, होज क्लिपा, एक खालचा होज पाइप आणि कुलंट घरात आल्याशिवाय पहिला बोल्ट सैल करू नये आणि काम नेहमी सकाळी सुरू करावे.

झाकणाकडे दुर्लक्ष होते, पण त्याचे काम मोठे आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा आहे. ०.९चे झाकण नीट दाब धरत असेल तर साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळते. रबर कडक होऊन दाब सुटला की तेच पाणी १०० अंशांना उकळून बाहेर पडते. बदलताना आकडा तोच घ्यावा, जास्तीचा घेतला तर जुने होज पाइप फुटू शकतात. राखीव डबा काठोकाठ भरलेला आणि सकाळी रेडिएटर मात्र रिकामा, असे आढळले तर झाकण पाणी परत ओढत नाही किंवा कुठेतरी हवा शिरते आहे असा संशय घ्यावा.

कुठे थांबावे

इंजिन सुरू असताना रेडिएटरच्या तोंडात सतत बुडबुडे येत असतील, थंड गाडी सुरू करताच होज पाइप दगडासारखे टणक होत असतील, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल किंवा कुठेही गळती नसताना पाणी रोज कमी होत असेल, तर हेड गॅसकेट गेल्याचा संशय घ्यावा. एकट्या दुधाळ सायीवरून घाबरू नये, थंडीत थोड्याच अंतरावर चालणाऱ्या गाडीत ती ओलीमुळेही दिसते. दोन-तीन लक्षणे एकत्र आली तर मात्र शंका उरत नाही. हेड उतरवणे, ते सपाट आहे का हे मोजणे, गरज पडल्यास मशीनवर घासून घेणे आणि ठरावीक क्रमाने ठरावीक जोराने आवळणे हे अंगणातील काम नाही. ते जिल्ह्याच्या ठिकाणी चांगल्या मिस्त्रींकडे द्यावे, वही सोबत न्यावी आणि हेड मशीनवर टाकण्याआधी आपल्यासमोर मोजून घ्यावे.

घरी केलेल्या कामानंतर पाणी भरताना गाडीचे तोंड थोड्या चढावर ठेवावे, हीटर गरमवर ठेवावा आणि झाकण उघडे ठेवूनच थंड इंजिन सुरू करावे. हळूहळू बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, ती पुन्हा भरावी. खालचा होज पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. अडकलेली हवा निघाली नाही तर नवे भाग घालूनही गाडी तापते आणि दोष नसलेल्या रेडिएटरवर नाव येते. काढलेले जुने कुलंट अंगणात किंवा नालीत ओतू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री आणि गुरे ते पितात व दगावतात. झाकणाच्या डब्यात भरून, नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे आणि अमरावतीच्या फेरीत गॅरेजवाल्यांच्या स्वाधीन करावे. पुढचा आठवडाभर रोज सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहावी आणि होज क्लिपा एकदा पुन्हा आवळाव्यात, कारण नवे रबर पहिल्या काही तापण्यांत दबते व क्लिप सैल पडते.